६३–३ : ऑरेंज बाऊलच्या त्या सामन्याविषयी

प्रिय सुहास यास,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वांत एकतर्फी बाऊल सामन्यांची, म्हणजे हंगामाच्या अखेरीस निमंत्रित संघांत होणाऱ्या सामन्यांची, यादी तुझ्या वाचनात आली आणि तिच्या पहिल्याच ओळीत पराभूत संघ म्हणून माझ्या विद्यापीठाचे, म्हणजे फ्लोरिडा स्टेटचे, नाव पाहून तुला वाईट वाटले, हे तू मोकळेपणाने लिहिलेस, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्याच्या पुढच्या वाक्यात तू म्हणतोस की, ज्या संघाला ६० गुणांनी हार पत्करावी लागते, त्याला राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळणाऱ्या देशातील पहिल्या चार संघांत जागा न देणाऱ्या निवड समितीचे फारसे काही चुकले नसावे. हा निष्कर्ष मला मान्य नाही. इथेही अनेक जाणकार हेच म्हणतात आणि प्रत्येक वेळी मला तितकाच त्रास होतो, म्हणून तुला सगळे क्रमाने लिहावे असे ठरवले आहे.

आधी सामना. तो जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध ३० डिसेंबर २०२३ रोजी मायामी गार्डन्स येथील हार्ड रॉक स्टेडियमवर झाला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आपण जो फुटबॉल पाहत वाढलो, त्याचा या लंबगोल चेंडूच्या खेळाशी संबंध नाही, एवढे तुला ठाऊक आहेच. गुणांचा हिशेब मात्र सांगतो. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचले की टचडाउन होते व त्याचे सहा गुण मिळतात, त्यानंतरच्या किकचा एक, आणि तिथवर पोहोचता आले नाही तर लांबून खांबांमधून चेंडू मारून मिळवलेल्या फील्ड गोलचे तीन. जॉर्जियाच्या संघाने त्या दिवशी नऊ टचडाउन केले आणि नऊही किक साधल्या. फ्लोरिडा स्टेटच्या वाट्याला एक फील्ड गोल आला. मध्यंतरालाच गुणफलक ४२–३ दाखवत होता. ६० गुणांचा हा फरक बाऊल सामन्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठा ठरला.

आता हे कोणत्या हंगामाच्या शेवटी घडले ते पाहा. त्या वर्षी फ्लोरिडा स्टेटने सप्टेंबरच्या आरंभी ऑर्लँडोत लुईझियाना स्टेट विद्यापीठाला (एलएसयू) ४५–२४ असे हरवले, पुढे क्लेमसनच्या मैदानावर जाऊन जादा वेळेत ३१–२४ असा विजय मिळवला, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत एकही सामना गमावला नाही. या सगळ्याच्या मध्यभागी जॉर्डन ट्रॅव्हिस हा क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे संघाची प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो खेळाडू. १८ नोव्हेंबरला टॅलाहासीत, घरच्या मैदानावर, नॉर्थ अलाबामासारख्या तुलनेने लहान संघाविरुद्ध धावत असताना त्याला खाली पाडले गेले आणि त्याचा पाय मोडला. त्याला गाडीवर ठेवून नेत असताना सहकारी तिच्याभोवती दाटीने उभे राहिले होते, आणि एवढे मोठे स्टेडियम इतके निःशब्द होऊ शकते हे मी तोपर्यंत अनुभवले नव्हते. त्या दिवशी संघ ०–१३ असा मागे पडला होता. त्यानंतर त्यांनी सलग ५८ गुण केले आणि प्रतिस्पर्ध्याला आणखी एकही गुण मिळू दिला नाही. माझ्या दृष्टीने या संघाची खरी ओळख ती आहे.

पुढच्या आठवड्यात राखीव क्वार्टरबॅक टेट रोडमेकर याने गेन्सव्हिलला जाऊन फ्लोरिडा विद्यापीठाविरुद्ध २४–१५ असा सामना काढून दिला. पण त्यालाही डोक्याला मार बसल्यामुळे, २ डिसेंबरला शार्लट येथे झालेल्या एसीसीच्या, म्हणजे फ्लोरिडा स्टेट ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते त्या गटाच्या, अंतिम सामन्यात ब्रॉक ग्लेन या पहिल्या वर्षाच्या मुलावर जबाबदारी आली. समोर लुईव्हिलचा संघ होता. ग्लेनकडून फार काही झाले नाही, हे मी नाकारत नाही. परंतु बचावफळीने लुईव्हिलला एकही टचडाउन करू दिला नाही आणि सामना १६–६ असा जिंकला. संघाने तेरापैकी तेरा सामने जिंकले होते आणि एसीसीचे विजेतेपदही मिळवले होते.

दुसऱ्याच दिवशी, ३ डिसेंबरला, निवड समितीने मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि अलाबामा हे चार संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफसाठी जाहीर केले. त्यांतल्या टेक्सास व अलाबामा यांनी प्रत्येकी एक सामना गमावलेला होता. फ्लोरिडा स्टेटला पाचवा क्रमांक मिळाला. प्लेऑफची पद्धत २०१४ च्या हंगामापासून सुरू झाली होती, आणि तेव्हापासून पाच मोठ्या गटांपैकी एखाद्या गटाचा अपराजित विजेता बाहेर ठेवला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसल्यास त्याचा विचार करण्याची मुभा समितीच्या नियमांत होती, हे खरे. त्या मुभेचा आधार घेऊन ट्रॅव्हिसविना हा संघ तोच राहिलेला नाही, असे सांगितले गेले. सुहास, या ठिकाणी माझे मन आजही अडते. संघ पुढे काय करू शकेल, या अंदाजाला, त्याने प्रत्यक्षात काय करून दाखवले यापेक्षा अधिक वजन दिले गेले. आपला पाय हंगामात आधीच मोडला असता तर हा संघ केवळ क्वार्टरबॅकपुरता नाही हे सर्वांना दिसले असते, अशा अर्थाचे ट्रॅव्हिसने त्या दिवशी लिहिले. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला स्वतःच्या मोडलेल्या पायाबद्दल असे वाटावे, ही गोष्ट मला कोणत्याही गुणफलकापेक्षा अधिक बोचते.

समितीच्या निर्णयानंतर फ्लोरिडा स्टेटच्या वाट्याला ऑरेंज बाऊल आला. हा सामना १९३५ पासून खेळला जातो आणि एरवी त्याचे आमंत्रण मोठ्या मानाचे असते. पण विजेतेपदाची वाट बंद झाल्यावर त्याच्या निकालाने कोणाचेही काही ठरणार नव्हते. मग संघ हळूहळू रिकामा होऊ लागला. कियॉन कोलमन आणि जॉनी विल्सन हे चेंडू झेलणारे दोन्ही प्रमुख खेळाडू, धावणारा ट्रे बेन्सन, बचावफळीतील जॅरेड व्हर्स आणि ब्रेडन फिस्क, असे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या उंबरठ्यावर असलेले एकामागून एक खेळाडू बाजूला झाले. रोडमेकरसह काहींनी दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव नोंदवले. एकूण दोन डझनांहून अधिक खेळाडू त्या सामन्यात नव्हते. वरपक्ष निघून गेलेल्या मांडवात पंगत वाढावी, तसा तो सामना पार पाडला गेला.

या मुलांना पळपुटे म्हणणारे पुष्कळ आहेत. मी तसे म्हणणार नाही, आणि त्याचे कारण याच बाऊलच्या इतिहासात आहे. बरोबर सात वर्षांपूर्वी, ३० डिसेंबर २०१६ रोजी, याच मैदानावर मिशिगनचा जेक बट हा फ्लोरिडा स्टेटविरुद्ध ऑरेंज बाऊल खेळत होता. पहिल्या फेऱ्यांमध्येच एनएफएलमध्ये निवडला जाईल असे ज्याच्याविषयी बोलले जात होते, त्या खेळाडूच्या गुडघ्यातील स्नायुबंध त्या सामन्यात तुटला आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याची निवड थेट पाचव्या फेरीत झाली. त्याच महिन्यात एनएफएलच्या वाटेवरच्या लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री यांनी आपापल्या संघांचे बाऊल सामने न खेळण्याचे जाहीर केले होते, आणि तेव्हापासून ही रीतच पडली. ज्याच्या घराची पुढची कित्येक वर्षे त्याच्या दोन पायांवर अवलंबून आहेत, त्याने निकालाला अर्थ न उरलेल्या सामन्यात ते पाय पणाला लावावेत, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? हेच खेळाडू प्लेऑफमध्ये मैदानात उतरले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरीही माझे मन अधिक गुंतले आहे ते संघासोबत थांबलेल्यांमध्ये. त्या दिवशी ग्लेन पुन्हा क्वार्टरबॅक म्हणून उभा राहिला. ज्यांच्याकडे चेंडू फेकायचा त्यांतील कित्येकांनी हंगामभर फारसा खेळ केलेला नव्हता. चेंडू हातात येताच त्याच्यावर दोन बाजूंनी माणसे धावून येत. तो घाईने फेके, चेंडू जमिनीवर पडे किंवा प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागे, आणि काही मिनिटांनी तो पुन्हा त्याच जागी येऊन, त्याच आवाजात पुढची चाल पुकारत उभा राही. निम्म्याहून अधिक पास वाया गेले. मध्यंतरानंतर प्रेक्षागृहातील आमच्या बाजूच्या रांगा उघड्या पडल्या, तरी तो शेवटच्या भागातही तितकाच वाकून तयारीत उभा राहताना मी पाहिला. या मुलांच्या नावावर इतिहासातील सर्वांत मोठा पराभव लिहिला गेला आहे, आणि त्यांची चूक एवढीच की ते आले.

जॉर्जियाविषयी मला कटुता नाही, हेही लिहायला हवे. त्यांचेही मन मोडलेलेच होते. सलग २९ सामने जिंकून पहिल्या क्रमांकावर असलेला तो संघ २ डिसेंबरलाच अलाबामाकडून २४–२७ असा हरला होता आणि एका पराभवाने प्लेऑफबाहेर फेकला गेला होता. ब्रॉक बावर्ससारखे काही खेळाडू त्यांच्याकडेही नव्हते. परंतु त्यांचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी बहुतेक संघ एकत्र ठेवला, आणि क्वार्टरबॅक कार्सन बेक व धावणारा केंडल मिल्टन हे पूर्ण ताकदीने खेळले. फरक प्रचंड झाल्यावर त्यांचे राखीव खेळाडू उतरले, तेही गुण करत राहिले. राखीव मुलांना वर्षातून क्वचित मिळणाऱ्या संधीत मुद्दाम वाईट खेळा, असे सांगणे मला रास्त वाटत नाही. सामना संपल्यावर स्मार्ट यांनी स्वतःच्या विजयाचा डंका न वाजवता हे सारे दुरुस्त व्हायला हवे असे बजावले, याचा मला फार आदर वाटतो.

याच जॉर्जियाने वर्षभर आधी, ९ जानेवारी २०२३ रोजी, राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात टीसीयूला, म्हणजे टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाला, ६५–७ असे हरवले होते, आणि तू पाहिलेल्या यादीत तो निकाल बहुधा दुसऱ्या ओळीवर असेल. दोन्ही ओळी शेजारी-शेजारी छापल्या जातात, म्हणून त्या एकाच जातीच्या वाटतात. परंतु टीसीयूचा संघ मिशिगनला ५१–४५ असे नमवून तिथे आला होता, विजेतेपद समोर होते, आणि त्याचे मॅक्स डग्गनसारखे आघाडीचे खेळाडू मैदानात होते. त्या रात्री जॉर्जिया खरोखरच ५८ गुणांनी सरस होती, असे म्हणता येते. ऑरेंज बाऊलविषयी तसे म्हणता येत नाही, कारण १३–० अशी कामगिरी करणारा संघ तिथे उतरलाच नाही. जो संघ समितीने नाकारला तो वेगळा आणि जो ६० गुणांनी हरला तो वेगळा. दुसऱ्याच्या पराभवाने पहिल्याविषयीचा निर्णय योग्य कसा ठरेल? एप्रिल २०२४ च्या ड्राफ्टमध्ये फ्लोरिडा स्टेटचे दहा खेळाडू निवडले गेले, त्यांतील बरेच जण त्या सामन्यात नव्हते. आणि व्हर्सला तर पहिल्याच वर्षी एनएफएलचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू म्हणून गौरवण्यात आले.

पुढचे थोडक्यात सांगतो. २०२४ पासून प्लेऑफ बारा संघांचा झाला, त्यामुळे तेराच्या तेरा सामने जिंकलेल्या मोठ्या गटाच्या विजेत्याला आता बाहेर राहावे लागणार नाही. आमच्या संघाला मात्र त्या धक्क्यातून सावरता आले नाही. २०२४ च्या हंगामात त्याने दोन सामने जिंकले आणि दहा गमावले. ट्रॅव्हिसला न्यूयॉर्क जेट्सने पाचव्या फेरीत घेतले, पण पाय पूर्ववत झाला नाही आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये, व्यावसायिक सामना एकदाही न खेळता, त्याने निवृत्ती जाहीर केली.

तू लिहिले आहेस की, सवड मिळाली की ऑरेंज बाऊलचे चित्रीकरण शोधून पाहणार आहेस. त्याऐवजी २ डिसेंबरचा लुईव्हिलविरुद्धचा सामना पाहा. गुण कमी आहेत आणि पहिला अर्धा तास तुला संथ वाटेल. पण व्हर्स आणि फिस्क दोन बाजूंनी कसे घुसतात आणि नवख्या ग्लेनची बाजू सावरण्यासाठी अख्खी बचावफळी कशी खेळते, ते नीट बघ, आणि मग हा संघ पहिल्या चारांत असायला हवा होता की नव्हता, ते मला कळव.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
नितीन