शिकत होती तेव्हा 240 दिवस, शिकवू लागली तेव्हा शून्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राध्यापकांना मूल झाल्यावर मिळणाऱ्या रजेवरून आमच्या घरात गेलं वर्षभर इतकी वादावादी चालली आहे, की शेवटी तुम्हालाच पत्र लिहायला बसले. मी स्वतः महाविद्यालयात 31 वर्षं शिकवून निवृत्त झाले. माझी दोन्ही बाळंतपणं नोकरीत असताना झाली. तेव्हा रजा तीन महिन्यांची असे. कमीच होती, पण परत गेलं की हजेरीपटावर नाव असायचं आणि कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची.

माझ्या लेकीचं उलटं झालं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनुसार पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीला संशोधनाच्या काळात एकदा 240 दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा मिळू शकते. लेकीनं ती घेतली नाही. आधी प्रबंध, मग पाळणा, असं तिनंच ठरवलं होतं. प्रबंध झाला, आणि ती बेळगावातल्याच एका खासगी महाविद्यालयात अतिथी प्राध्यापिका म्हणून लागली. नेमणुकीची ऑर्डर दहा महिन्यांची, मानधन तासांवर. दिवाळीनंतर सातवा लागला तेव्हा रजेचा अर्ज घेऊन गेली, तर कार्यालयात तिला सांगितलं, "मॅडम, तुमच्या ऑर्डरमध्ये रजा हा प्रकारच नाही." वाईट बोलले नाहीत, चहासुद्धा दिला.

बाळ जानेवारीत झालं. सव्वा महिना उलटायच्या आत पेपर तपासणीचं बोलावणं आलं. नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी अतिथी प्राध्यापकांच्या यादीतून नाव जाईल, ही धास्ती. मग मी नातवाला कुंचीत गुंडाळून तपासणी केंद्राबाहेर रिक्षात बसले. दर दोन तासांनी ती खाली यायची, रिक्षाचा पडदा ओढून त्याला पाजायची आणि पुन्हा जिना चढायची. तिसऱ्या दिवशी बाळाच्या दुपट्यावर तिच्या बोटांची लाल शाई लागली होती. एवढं करूनही जूनच्या यादीत तिचं नाव नव्हतंच.

आता जावयांचं. ते निपाणीकडचे, कायम नोकरीतले साहाय्यक प्राध्यापक. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे पुरुष प्राध्यापकाला पत्नीच्या बाळंतपणाच्या काळात 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, तीही दोन मुलांपर्यंतच. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे जावयांचे 15 दिवस निपाणी-बेळगाव बसमध्ये आणि आमच्या सोफ्यावर गेले. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाई, सगळं इथं होतं. त्यांना काम काय, तर बारशाची यादी करणं. लेक चौथ्या महिन्यात निपाणीला गेली आणि रात्री-अपरात्री उठायला दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा रजा केव्हाच संपली होती. हीच रजा पहिल्या वर्षात हवी तेव्हा घेता आली असती, तर 15 दिवसांचाही उपयोग झाला असता. आणि 15 दिवसच का? हिंगोलीचे तेव्हाचे खासदार, दिवंगत राजीव सातव यांनी 2017 साली लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. त्यात ही रजा तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची तरतूद होती. त्याचा कायदा झाला नाही.

कागदावर सगळं छान आहे, हे मी नाकारत नाही. त्याच 2018 च्या नियमावलीत कायम प्राध्यापिकेला 180 दिवस प्रसूती रजा आहे आणि संपूर्ण सेवेत 730 दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा आहे. पण ही रजा मिळते कधी? नेट परीक्षा, पीएचडी, मग जागा निघायची वाट, आरक्षणाचं रोस्टर, मुलाखत. कायम होईपर्यंत पस्तिशी उलटते. मूल त्याच्या आधी होतं किंवा मग होतच नाही. ज्या वयात रजा लागते त्या वयात बाई अतिथी असते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजला शिकवायला जाणाऱ्या आमच्या मुली तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, असतात. नाव वेगळं, गत तीच. कन्नडमध्ये 'हेरिगे रजे' म्हणतात, आपण प्रसूती रजा म्हणतो. रजा हा शब्द तरी दोन्हीकडे एकच आहे, त्यावरून कुणाचा वाद नाही.

रोजंदारीवरच्या बायकांनाही प्रसूती लाभ द्यावा लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितलं. 2023 साली एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात तर कंत्राटाची मुदत संपली तरी लाभ थांबत नाही, असा निकाल दिला. हे कोर्टात जाणाऱ्यांसाठी झालं. दहा महिन्यांच्या ऑर्डरवरची बाई कोर्टात जात नाही, कारण अकराव्या महिन्यात तिला त्याच प्राचार्यांच्या दारात उभं राहायचं असतं.

संस्थाचालक विचारतात, मग वर्ग कोण घेणार? प्रश्न खरा आहे. कायम प्राध्यापिका रजेवर गेली तरी बदली माणूस सहसा मिळत नाही, तिचे तास उरलेल्यांच्या माथी येतात. स्टाफ रूममध्ये मग कुजबुज सुरू होते. मीही एका तरुण सहकारी बाईबद्दल "हिची दुसरी रजा" असं पुटपुटले होते, ते आज आठवलं की लाज वाटते. राग रजा घेणाऱ्या बाईवर काढायचा आणि बदली माणूस न देणाऱ्याला काहीच विचारायचं नाही, ही आमची जुनी खोड.

म्हणून राणी चन्नम्मा विद्यापीठाला आणि इथल्या संस्थांना माझी विनंती आहे, की अतिथी प्राध्यापकांच्या नेमणुकीच्या ऑर्डरमध्येच प्रसूती रजेचं कलम छापावं आणि त्या रजेमुळे पुढच्या वर्षीच्या यादीतून नाव वगळता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहावं. रजेच्या काळापुरता बदली शिक्षक नेमण्याची सोय असावी. तपासणी केंद्रावर बाळाला पाजायला एक बंद खोली द्यायला तर कुणाच्या मंजुरीची गरज नाही.

लेक या जूनमध्ये पुन्हा अर्ज करते आहे. अर्जात 'सेवेत खंड असल्यास कारण' असा एक रकाना आहे. तिथं काय लिहू, असं तिनं काल मला विचारलं.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका
टिळकवाडी, बेळगाव