गुणपत्रिकेत लाचेचा रकाना नसतो

संपादक महोदय,

अमेरिकेत निवडणूक आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो: दर रविवारी चर्चला जाणारी माणसे डागाळलेल्या चारित्र्याच्या उमेदवाराला मत देतात तरी कशी? उत्तर बहुधा ‘ढोंग’ या एका शब्दात उरकले जाते. प्रत्यक्षात ही मंडळी उमेदवार पारखतात आणि त्यासाठी छापील कागद, म्हणजे उमेदवारांची गुणपत्रिका, वापरतात. घोळ आहे तो त्या कागदाच्या रचनेत.

कसोटी जुनीच आहे, बायबलमधले निर्गम १८:२१. माणसे नेमताना काय पाहावे हे मोशेचा सासरा इथ्रो जावयाला सांगतो: कर्तबगारी, देवाचे भय, सचोटी आणि लाचेचा तिटकारा. पुराणमतवादी इव्हँजेलिकल (बायबलला प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) वर्तुळात मतदानाच्या संदर्भात हे वचन नेहमी पुढे केले जाते. पण तिटकारा मोजायचा कसा? मग जे मोजता येते तेच मोजले जाते, म्हणजे सभागृहात कोणी कुठे हात वर केला ते.

१९८० च्या सुमारास ‘ख्रिश्चन व्हॉइस’ या संघटनेने काँग्रेस सदस्यांना ‘नैतिक’ प्रश्नांवर गुण दिले. त्यात शाळेतल्या प्रार्थनेच्या जोडीला तैवानशी संरक्षण करार आणि ऱ्होडेशियावरचे (आजचे झिंबाब्वे) निर्बंधही होते. निकाल मासलेवाईक लागला. मॅसॅच्युसेट्सचे रॉबर्ट ड्रायनन हे जेझुइट (कॅथलिक) धर्मगुरू असलेले खासदार तळाला गेले, तर फ्लोरिडाचे रिचर्ड केली यांना शंभरपैकी शंभर मिळाले. हेच केली एफबीआयच्या ‘अ‍ॅबस्कॅम’ या लाचेच्या सापळ्यात २५,००० डॉलर खिशात कोंबताना छुप्या कॅमेऱ्यात सापडले होते. इथ्रोच्या चौथ्या अटीवर सपशेल नापास झालेला माणूस गुणपत्रिकेत पहिला आला, कारण गुणपत्रिकेत तो रकानाच नव्हता.

पुढे टीव्हीवरचे धर्मप्रचारक पॅट रॉबर्टसन यांनी १९८९ मध्ये ‘ख्रिश्चन कोअॅलिशन’ काढली आणि या कागदाला कायमचे रूप दिले. एका पानावर दोन उमेदवार समोरासमोर, मध्ये मुद्द्यांची यादी, बाजूला ‘पाठिंबा’, ‘विरोध’ किंवा ‘उत्तर नाही’. मतदानाच्या आधीच्या रविवारी गठ्ठेच्या गठ्ठे चर्चमध्ये पोचवायचे. गर्भपाताच्या खाली आयकरवाढ, समतोल अंदाजपत्रकाची घटनादुरुस्ती, लोकप्रतिनिधींच्या मुदतीवर मर्यादा असे मुद्दे असत. मुदतीची मर्यादा कोणत्या अध्यायात सांगितली आहे, हे मात्र कोणी छापत नसे.

‘अमक्याला मत द्या’ असे त्यावर लिहिलेले नसते, त्याचे कारण करकायदा. १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीमुळे करसवलत घेणाऱ्या चर्चला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनजवळच्या एका चर्चने १९९२ मध्ये क्लिंटन यांच्याविरुद्ध पानभर जाहिराती दिल्या आणि सवलत गमावली. २००० मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. अशा कागदात मुद्दे विविध असावेत आणि प्रश्नांत कल नसावा, अशी करखात्याची १९७८ पासूनची अट आहे. जुलै २०२५ मध्ये याच खात्याने टेक्सासच्या न्यायालयात भूमिका सैल केली: उपासनेत आपल्याच मंडळींशी उमेदवारांविषयी बोलणे म्हणजे प्रचारात भाग घेणे नव्हे.

असा कागद हातात आला तर आधी मुद्दे मोजावेत. सभागृहात वर्षाला शेकडो मतदाने होतात आणि गुणपत्रिकेत त्यातली दहा-वीस येतात, तेव्हा निवड करणाऱ्याने निकाल तिथेच ठरवलेला असतो. मग विधेयकाचा क्रमांक घेऊन काँग्रेसच्या संकेतस्थळावर पाहावे, की मोजलेले मत अंतिम मंजुरीचे आहे की विधेयक समितीकडे परत धाडण्याचे. दुसऱ्या प्रकारात पक्षादेशाने हात वर होतात, त्यावरून श्रद्धा काढू नये. ‘उत्तर नाही’ दिसले तर प्रश्न वाचावा. ‘करदात्यांच्या पैशातून अश्लील कलेला अनुदान’ अशा शब्दांत विचारल्यावर विरोधी बाजूचा उमेदवार ती प्रश्नावली टोपलीतच टाकणार.

सर्वात जास्त चुकते ते पद आणि मुद्दा यांची सांगड घालताना. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जून २०२२ च्या डॉब्स निकालाने गर्भपाताचा विषय बहुतांशी राज्यांकडे गेला. त्यामुळे तो प्रश्न गव्हर्नर, राज्य विधिमंडळ आणि जिथे न्यायाधीश निवडून येतात तिथे राज्याचे सर्वोच्च न्यायालय यांच्या उमेदवारांना विचारावा. शाळा मंडळाच्या उमेदवाराला तो विचारून काय मिळणार? त्याला पाठ्यपुस्तकांचे आणि अंदाजपत्रकाचे विचारावे. शिवाय अनेक मतदारसंघांत खरा निर्णय पक्षांतर्गत प्राथमिक फेरीतच होतो, आणि त्या फेरीत दोन्ही उमेदवारांची उत्तरे सारखीच असतात. तिथे हा कागद मुका होतो आणि पारखायला चारित्र्यच उरते.

नेमका तोच भाग हातचा सुटला. सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने जून १९९८ मध्ये, अध्यक्ष क्लिंटन यांचे लेविन्स्की प्रकरण तापलेले असताना, लोकप्रतिनिधींच्या चारित्र्याविषयी खणखणीत ठराव केला होता. खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा पुढारी सार्वजनिक कर्तव्य नीट बजावू शकतो का, या पीआरआरआय या पाहणी संस्थेच्या प्रश्नाला २०११ मध्ये ३० टक्के गौरवर्णीय इव्हँजेलिकलांनी ‘हो’ म्हटले. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच ७२ टक्के झाले. शास्त्रवचन तेच होते, उमेदवार बदलला होता.

या मतदारांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. मे २०१६ मध्ये ट्रम्प यांनी संभाव्य न्यायाधीशांची ११ नावांची यादी दिली, पुढे न्यायालय बदलले आणि गर्भपाताला देशभर संरक्षण देणारा रो निकाल गेला. कागदावर मागितले ते पदरात पडले, म्हणून कागद फसला असे म्हणता येत नाही. पण २०२४ च्या रिपब्लिकन जाहीरनाम्यातून अनेक दशकांची गर्भपातविरोधी घटनादुरुस्तीची मागणी गळली, तरी मते हलली नाहीत. मत कशानेही हलणार नाही हे उमेदवाराला कळले, की तो मुद्दाही सोडतो.

हा कागद आपल्याकडे जसाच्या तसा चालणार नाही. धर्माच्या नावाने मत मागणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार भ्रष्ट आचरण आहे, आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात सदस्यांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी त्याची व्याप्ती मतदाराच्या धर्मापर्यंत नेली. मात्र इथ्रोची चौथी अट तपासायची सोय आपल्याकडे आयती आहे. नमुना २६ चे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असते. प्रलंबित गुन्हे, स्वतःची व जोडीदाराची मालमत्ता, सरकारी देणी, सगळे त्यात असते. मागच्या निवडणुकीचे शपथपत्र काढून दोन्ही शेजारी ठेवावीत, मालमत्तेची वाढ आणि आयकर विवरणातले पाच वर्षांचे उत्पन्न यांचा मेळ लावावा. वसई असो, अहिल्यानगर असो की मडगाव, या कामाला अर्धा तास पुरतो.

— एक वाचक, अहिल्यानगर