चाकाचे नट रंग बघून घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सरला की बेळगावची तरुण पोरं गाड्या काढून चोर्ल्याला, आंबोलीला निघतात. गाडीला नवे अॅलॉय (हलक्या मिश्रधातूची चाकं), रुंद टायर, आणि अलीकडे चाकांना निळे-जांभळे चमकणारे 'टायटॅनियम'चे नट. हौसेला माझा विरोध नाही. उद्यमबागेत ३४ वर्षं लेथवर काढली आहेत, चांगला धातू हातात आला की आजही मन हरखतं. पण गेल्या महिन्यात आमच्या घरातच जे घडलं, त्यावर गप्प बसवत नाही.

पुतण्याची स्विफ्ट आहे. त्यानं ऑनलाइन १६ नट मागवले, एका टायरवाल्याकडून गननं, म्हणजे झटक्यानं नट फिरवणाऱ्या यंत्रानं, आवळून घेतले आणि मित्रांबरोबर गोव्याला जाऊन आला. येताना कणकुंबी सुटल्यावर पुढच्या डाव्या चाकातून टकटक यायला लागली. सुदैवानं त्यानं लगेच गाडी बाजूला घेतली. चारपैकी एक नट पडून गेलेला, दुसरा बोटांनी फिरत होता. मागच्या दोन चाकांचा एकेक नट काढून पुढे लावला आणि जीव मुठीत धरून गाडी घरी आणली. त्याची आई त्या रात्री जेवली नाही.

सकाळी तो नट घेऊन माझ्याकडे आला. खिशातून लोहचुंबक काढून म्हणाला, "चिकटत नाही बघा काका, म्हणजे ओरिजिनल टायटॅनियमच की." चुंबक चिकटला असता तर पोलाद, एवढं खरं. पण अॅल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी गाडीचा मूळ नट काट्यावर ठेवला, ५० ग्रॅम. त्याचा रंगीत नट, आकार जवळजवळ तोच, १७ ग्रॅम. एका घन सेंटीमीटरला पोलाद ७.८५ ग्रॅम भरतं, नटांसाठी वापरतात तो टायटॅनियमचा मिश्रधातू ४.४३, अॅल्युमिनियम २.७. म्हणजे तेवढाच नट खऱ्या टायटॅनियमचा असता तर २८ ग्रॅमच्या आसपास भरला असता; १७ ग्रॅम हे अॅल्युमिनियमचं वजन. मग ग्राइंडर सुरू केला. नट टेकवला, एक ठिणगी उडाली नाही. माझ्याकडे टायटॅनियमचा एक जुना तुकडा आहे, तो टेकवला तर डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्याशुभ्र ठिणग्यांचा फवारा उडाला. पुतण्याचा चेहरा उतरला. त्या नटाच्या आत टोचणी घातली तर आटे बारीक स्प्रिंगसारखे सोलून अख्खे बाहेर आले.

रंगावर तर कुणी जाऊच नये. टायटॅनियमला वीज देऊन जो निळा-जांभळा रंग येतो तो वरच्या ऑक्साइडच्या थराच्या जाडीमुळे येतो, आणि अॅल्युमिनियमला तसाच दिसणारा रंग चक्क रंगवून देता येतो.

खरं टायटॅनियम मिळालं तरी काम संपत नाही. नटाचं काम हलकं असणं नव्हे, चाक हबवर, म्हणजे ते जिथे बसतं त्या मधल्या भागावर, दाबून धरणं. त्यासाठी आधी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, जुळलं पाहिजे. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १२ मिमीच्या स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या, नट बसतो त्या आटेदार दांडीवर) १.२५ मिमीचं पिच असतं, ह्युंदाईला १.५ चं. चुकीचा नट हातानं दोन आटे फिरतो, पुढे गन लावली की नट आणि स्टड दोघांचेही आटे मरतात. मग बैठक, म्हणजे नट चाकाला टेकतो तो भाग, बघायची. कुणाच्या अॅलॉयला टेपर (निमुळता) लागतो, कुणाला गोल. गोल बैठकीत टेपरचा नट घातला तर तो कडेवरच टेकतो आणि शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये ढिला पडतो. फोक्सवॅगनच्या पोलोला तर नट नसतोच, थेट बोल्ट येतो.

आणि सगळ्यात मोठी चूक आवळण्यात होते. टायटॅनियम पोलादावर घासलं की आटे एकमेकांना चावतात, जाम होतात, म्हणून वंगण लावावं लागतं. पण वंगण लावलं की त्याच पान्याच्या जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. १२ मिमीच्या स्टडवर सुक्या आट्यांना १०० न्यूटन-मीटर टॉर्क (पिळाचा जोर) दिला तर दाब सुमारे सव्वाचार टन येतो. वंगणानं घर्षण पाव भागानं कमी झालं, तर तोच दाब साडेपाच टनांवर जातो. ८.८ प्रतीचा (हा ताकदीचा दर्जा) स्टड तिथे आपल्या मर्यादेला टेकतो. म्हणून नट बनवणाऱ्यानं वंगणासह किती टॉर्क द्यायचा ते लिहून दिलेलं असलं पाहिजे. ते नसेल तर असा नट घेऊच नये, कितीही स्वस्त मिळो. आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्यानंच (ठरलेला जोर मोजून देणाऱ्या पान्यानं), समोरासमोरचे नट आलटून पालटून.

वजनाचं म्हणाल तर १६ नटांत मिळून साडेतीनशे ग्रॅम वाचतात, तेही चाकाच्या मध्याजवळ. नट मध्यापासून ५ सेंटीमीटरवर, टायरची कड ३० वर. फिरतानाच्या जडपणात अंतराचा वर्ग येतो, म्हणजे टायरच्या कडेचा एक ग्रॅम नटाच्या ३६ ग्रॅमला भारी. गाडी चपळ हवी असेल तर तेच पैसे हलक्या अॅलॉयवर घालावेत, पळताना फरक जाणवेल.

आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या करतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या टायरवाल्यांनी गनचा उपयोग फक्त नट काढायला करावा, आवळायला टॉर्क पाना ठेवावा. चाक बसवून ८०-१०० किलोमीटर झाले की गिऱ्हाईकाला परत बोलावून नट तपासावेत, त्याचे पैसे घेऊ नयेत. आणि घरच्या मोठ्यांनी मुलांच्या गाडीचे नट एकदा काट्यावर ठेवून बघावेत. काटा किराणा दुकानातला चालतो.

पुतण्यानं जुने पोलादी नट परत बसवले आहेत. दिवाळीला तो टॉर्क पाना घेणार, आणि टायटॅनियमचे नट आणायचेच झाले तर आधी माझ्या ग्राइंडरसमोर आणून दाखवणार, असं आमचं ठरलं आहे.

आपला,
एक निवृत्त टर्नर, उद्यमबाग, बेळगाव