लाकडी पूल म्हणजे नेमका कुठला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला परदेश सहलीवरचा विनोदी लेख काल वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळी पहिलं काम हे पत्र लिहिण्याचं केलं. त्यात ‘पूल चुकलेल्या आत्याबाई’ म्हणून जिची टिंगल केली आहे, ती माझी सख्खी आत्या. नाव छापलेलं नाही, मान्य. पण त्या बसमध्ये निम्मी मंडळी नाशिकचीच होती. काल दुपारच्या जेवणापर्यंत आत्याला चार फोन आले. चौथ्यानंतर तिनं रिसीव्हर काढूनच ठेवला.

लेखक त्याच बसमध्ये होते, तेव्हा सूचना काय दिली होती हे त्यांनाही आठवत असेल. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नमध्ये शिरताना टूर मॅनेजर माइकवर म्हणाले, “साडेचारला सगळ्यांनी लाकडी पुलापाशी यायचं. जुना पूल आहे, वर छप्पर आहे, आत चित्रं आहेत. कुणालाही विचारा, दाखवेल.” पुलाचं नाव सांगितलं नाही, कागदावर लिहून दिलं नाही. मागच्या सीटवरच्यांना तर निम्मं ऐकूही आलं नाही.

ल्युसर्नला रॉइस नदीवर छपराचे जुने लाकडी पूल एक नाही, दोन आहेत. एक चॅपेल ब्रिज. चौदाव्या शतकातला, दोनशे मीटरहून लांब, बाजूला पाण्यात उभा असलेला अष्टकोनी मनोरा. दुसरा नदीच्या खालच्या अंगाला, चालत पाच-सात मिनिटांवर, स्प्रॉयर ब्रिज. तो 1408 साली पुरा झाला. जर्मनमध्ये ‘स्प्रॉय’ म्हणजे धान्याचा भुसा. गावातल्या चक्क्यांचा भुसा नदीत टाकायला फक्त या पुलावरून परवानगी होती, त्यावरून ते नाव पडलं. दोन्ही जुने, दोन्ही लाकडी, दोन्हींच्या छपराखाली तिकोनी चौकटींतली चित्रं. त्यातही चॅपेल ब्रिजला ऑगस्ट 1993 मध्ये आग लागली आणि बरीचशी चित्रं जळून गेली. पूल नवा बांधला, चित्रं गेली ती गेली. म्हणजे ‘आत चित्रं असलेला पूल’ एवढ्या खुणेवर शोधायचं तर आत्या अगदी योग्य पुलावर उभी होती.

“आत्याबाई खरेदीत रमल्या” असं लेखात म्हटलं आहे. हे साफ खोटं आहे. खरेदीत आम्ही रमलो होतो. मी मुलाला घेऊन घड्याळांच्या दुकानात होते आणि निम्मी बस तिथेच होती. आत्या म्हणाली, “मला दुकानं नकोत, मी गाव बघते,” आणि जुन्या पेठेतल्या भिंतींवरची चित्रं बघत बघत नदीवर उतरली. समोर जो पूल दिसला तो लाकडी, छपराचा, चित्रांचा. ती थांबली. तेव्हा चार वीस झाले होते. पंचवटीत महापालिकेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलेली बाई आहे ती, घंटेच्या आधी दहा मिनिटं हजर राहायची सवय अजून सुटलेली नाही.

बाकी सगळे चॅपेल ब्रिजपाशी जमलो होतो. पाच वाजले तरी ती आली नाही, तेव्हा मी नदीकाठानं शोधत निघाले. बंधाऱ्याच्या पाण्याचा आवाज येत होता. स्प्रॉयर ब्रिजवर मध्यावर एक लहानसं चॅपेल आहे, त्याच्या शेजारी आत्या दिसली. एक बूट काढून पाय मोकळा केलेला, खांद्यावर शाल, मांडीवर पर्स आणि पर्सवर चिवड्याची पुडी उघडलेली. बाजूला एक गोरं म्हातारं जोडपं. आजोबांना चिवड्यातली मिरची लागली होती, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आजी त्यांची पाठ चोळत होत्या. तरी आजोबांचा हात पुन्हा पुडीकडे जात होता. आणि आत्या वर बोट करून त्यांना चक्क मराठीत सांगत होती, “हा बघा, हा राजाला न्यायला आलाय. हा यमच. कुणाला सोडत नाही.”

त्या पुलावरची चित्रं ‘मृत्यूचा नाच’ या विषयावरची आहेत, कास्पार मेग्लिंगर या चित्रकाराच्या देखरेखीखाली सतराव्या शतकात काढलेली. बहुतेक चौकटींत हाडांचा सापळा कुणा ना कुणाला न्यायला आलेला असतो, मग तो सरदार असो, धर्मगुरू असो की साधा माणूस. आमच्या सबंध बसमध्ये ती चित्रं फक्त आत्यानं पाहिली. मला पाहिल्यावर आधी म्हणाली, “अगं, तुम्ही सगळे होतात कुठे?” मला हसू आवरेना, तीही हसली. त्या जोडप्याला उरलेला चिवडा देऊन आम्ही निघालो. इथपर्यंत ही गंमतच होती आणि ती कुणी हजार वेळा सांगितली तरी आमची हरकत नाही.

पण पुढचं लेखकानं ज्या चवीनं लिहिलं आहे, त्याला माझी हरकत आहे. बसमध्ये चढताच टूर मॅनेजर माइकवर म्हणाले, “उशीर करणाऱ्याला दंड! गाणं!” टाळ्या सुरू झाल्या. आत्या मधल्या वाटेत एका हातानं सीटची पाठ धरून उभी राहिली. पहिली ओळ म्हटली. दुसरी तिला आठवेना. पुन्हा पहिलीच म्हटली. मागून कुणीतरी “वन्स मोअर” ओरडलं. 73 वर्षांची बाई, पाय सुजलेले, घशाला कोरड पडलेली, आणि चूक तिची नव्हतीच. त्या टाळ्यांत मीही होते, याची मला लाज वाटते. लेखकाला अजून तो प्रसंग ‘सहलीतला सर्वांत धमाल क्षण’ वाटतो, याचं मला वाईट वाटतं. ज्येष्ठांनी सरळ देवदर्शनाच्या सहली कराव्यात हा त्यांचा सल्ला तर मला अपमानच वाटतो. निवृत्तीनंतर नऊ वर्षं पैसे साठवून आत्या गेली होती.

आपल्याकडे पाहुण्याला कुणी नुसतं ‘पुलापाशी भेटा’ असं सांगेल का? होळकर पूल, गाडगे महाराज पूल, कन्नमवार पूल, रामवाडीचा पूल, आपण नाव घेऊनच सांगतो. तरीही रामकुंडावर बाहेरगावची माणसं मोबाइल कानाला लावून “कौनसा पूल?” विचारत फिरताना मी दर रविवारी बघते, कारण घाटावरून पुलाच्या नावाची पाटी दिसतच नाही. सिंहस्थ तोंडावर आला आहे. पुलांना दोन्ही तोंडांशी आणि खाली घाटाच्या बाजूला मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत नावं लावावीत, एवढी विनंती आपल्या पत्रामार्फत महापालिकेला करते.

आता आपल्याच दैनिकाबद्दल. लेखासोबतच्या फोटोखाली ‘ल्युसर्नचा प्रसिद्ध चॅपेल ब्रिज’ असं छापलं आहे. फोटो पुन्हा काढून पाहा. त्यात अष्टकोनी मनोरा कुठे आहे? पाण्यात खाली बंधारा दिसतो, पुलाच्या मध्यावर छोटं चॅपेल दिसतं. तो स्प्रॉयर ब्रिज आहे, माझी आत्या जिथे उभी होती तोच. दोन पूल ओळखताना आपल्या कार्यालयात बसलेल्यांची, हाताशी इंटरनेट असताना, चूक होते. परक्या गावात, परक्या भाषेत, एकट्या उभ्या असलेल्या बाईची झाली तर तिला पुरवणीच्या पहिल्या पानावर का आणायचं?

फोटोखालची ओळ येत्या रविवारी दुरुस्त करावी. आणि आत्या चार वीसला पुलावर हजर होती, हेही त्याच ठिकाणी छापावं. काल भिंगातून लेख दोनदा वाचून तिनं पुरवणीची घडी घातली आणि मला एवढंच म्हणाली, “मला उशीर झाला नव्हता गं.”

आपली,
एक नियमित वाचक,
गंगापूर रोड, नाशिक