पूल हीटिंगचे ८,००० रुपये परत करा, पाणी गरम झालंच नाही

नमस्कार,

मी ठाण्याहून लिहितेय, घोडबंदर रोडला राहते. ९ ते ११ जानेवारी, शुक्रवार ते रविवार, लोणावळ्याला तुंगार्लीतला तुमचा व्हिला आम्ही घेतला होता, लहानमोठे धरून अकरा जण. व्हिला स्वच्छ होता, जेवण गरम आणि वेळेवर मिळालं, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. तक्रार पूल हीटिंगची आहे. दिवसाला ४,००० असे दोन दिवसांचे ८,००० तुम्ही वेगळे घेतलेत, ते परत हवेत.

तुमच्या पेजवर फोटोच्या खालीच मोठ्या अक्षरात 'हीटेड प्रायव्हेट पूल' लिहिलंय. हीटिंगचे पैसे वेगळे हे कळतं पेमेंटच्या अगदी शेवटच्या स्टेपला, तोपर्यंत घरात सगळ्यांनी रजा टाकून झालेल्या असतात. केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या) गाइडलाइन्समध्ये याला ड्रिप प्रायसिंग म्हणतात, आणि ते चालत नाही.

तरी आम्ही लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस घरात हाच विषय. दीर म्हणाले एवढ्या पैशात सगळ्यांची दोन जेवणं होतात, मुलं काय थंड पाण्यातही उतरतील. मी अडून बसले ते आईसाठी. ती ६८ वर्षांची आहे, मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फिजिओथेरपिस्टने सांगितलंय की कोमट पाण्यात कमरेएवढ्या खोलीत चालायचं. लहानपणी ती गुहागरला कमरेला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली, पण गेली कित्येक वर्षं पाण्यात उतरलेली नाही, आणि ठाण्यात तिला घेऊन जाता येईल असा गरम पाण्याचा पूल मला मिळालेला नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी मी तुमच्या चॅटवर विचारलं की पाणी नक्की किती डिग्री असेल आणि कधीपासून. उत्तर आलं, 'मॅम पूल फुल हीटेड असेल, चेक-इनला रेडी मिळेल, डोन्ट वरी'. डिग्रीचा आकडा काही दिला नाही. स्क्रीनशॉट सोबत जोडलाय. त्या एका वाक्यावर मी ८,००० भरले.

शुक्रवारी दुपारी एकला आम्ही पोचलो, तेव्हा केअरटेकर दादा हीटरचं बटण चालू करत होते. तेव्हा! मी बाळाच्या अंघोळीचा थर्मामीटर नेला होता, तो पाण्यात टाकला तर २० डिग्री. शर्यतीच्या पूललासुद्धा २५ ते २८ ठेवतात. दादांना विचारलं तर म्हणाले ताई ऑफिसचा मेसेज सकाळी आला, गेस्ट आल्यावर चालू करा म्हणून, आणि रात्री दहाला बंद करायची ऑर्डर आहे.

माझा भाऊ सोबत होता, तो रबाळे एमआयडीसीत चिलर आणि हीट पंपचंच (हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं मशीन) काम करतो. त्याने तिथेच टेप लावून हिशोब केला, तो तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय कारण तुमच्या माणसाने मला फोनवर 'थंडी जास्त होती, ते आमच्या हातात नाही' असं सांगितलं. पूल २० बाय १० फूट, पाणी चार फूट, म्हणजे साधारण २२,६०० लिटर. एवढं पाणी एक डिग्रीने तापवायला २६ युनिट उष्णता लागते. २० वरून २८ ला न्यायचं तर २१० युनिट. तुमच्या हीट पंपच्या प्लेटवर ९ किलोवॅट उष्णता लिहिलंय, म्हणजे तासाला ९ युनिट; वाऱ्यावर काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी सलग तेवीस-चोवीस तास लागणार. म्हणजे चेक-इनला रेडी हवं तर मशीन आदल्या दिवशी सकाळपासून चालू पाहिजे. तुम्ही ते नऊ तास चालवलंत आणि थंडीच्या ऐन रात्री बंद केलंत.

आणि कव्हर! पूलची उष्णता सगळ्यात जास्त जाते ती वरून, बाष्पीभवनाने, म्हणून रात्री कव्हर टाकायचं असतं. तुमचं निळं बबल कव्हर मशीनच्या मागे भिंतीला टेकवून गुंडाळून ठेवलं होतं, घडीत सुका पाला साचलेला, म्हणजे बरेच दिवस कोणी उलगडलेलं नव्हतं. शनिवारी सकाळी पूलवर छान वाफ दिसत होती, माझा भाचा ओरडला 'मावशी पाणी गरम झालं!' आणि धावत जाऊन उडी मारली, आणि दुसऱ्या मिनिटाला बाहेर, ओठ निळे, दात वाजतायत. ती वाफ म्हणजे आमचे पैसे हवेत जात होते. थर्मामीटर २१ दाखवत होता.

शनिवारी दिवसभर मशीन चालू होतं, रात्री कसेबसे २४ झाले, रविवारी सकाळी परत २३, आणि अकराला चेक-आउट. आईने शनिवारी दुपारी उन्हात पहिल्या पायरीवर बसून पाय सोडले, साडी गुडघ्याशी धरून. पाच मिनिटांनी म्हणाली, 'राहू दे गं, पाय धुतले, झालं.' दादांनी ते बघितलं आणि कोणी न सांगता गिझरच्या दोन बादल्या आणून तिच्या पायांवर ओतल्या. तुमच्याकडून जे काही गरम पाणी मिळालं ते एवढंच.

वीज महाग आहे हे मला कळतं. पण हीट पंप एक युनिट वीज घेऊन चार-पाच युनिट उष्णता देतो, दोन दिवसात तुमचे फार तर पन्नासेक युनिट गेले असतील, युनिटला वीस रुपये धरले तरी हजार. मशीनचे, मेंटेनन्सचे पैसे घ्या, माझी ना नाही, पण मग पाणी तापलेलं द्या. 'ऑक्टोबर ते फेब्रुवारी २४ तास आधी सांगावं लागेल, एवढ्या डिग्रीपर्यंत जाईल, रात्री कव्हर टाकू' एवढं खरं सांगितलं असतं तर मी एक दिवसाचे पैसे जास्त भरून आदल्या दिवशीपासून चालू करून घेतलं असतं, नाहीतर पैसे वाचवून आईला घेऊन दुसरीकडे गेले असते. ठरवायचं मला होतं आणि ज्यावर ठरवायचं ती माहितीच तुम्ही दिली नाहीत.

पुढच्या बुकिंगवर १० टक्के सूट देऊ असा तुमचा मेल आलाय. ते कूपन नको. पूर्ण ८,००० ज्या खात्यातून आले त्याच खात्यात १५ दिवसांत जमा करा, आणि पेजवर हीटिंगचा चार्ज भाड्याच्या शेजारीच लिहा, डिग्रीसकट. नाहीतर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करेन आणि नंतर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच केस टाकता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे वकिलाला विचारून घेतलंय.

आणि यातलं काही केअरटेकर दादांच्या पगारातून कापू नका. त्यांनी तुमची ऑर्डर पाळली. पावती, चॅट, थर्मामीटरचे वेळेसकट फोटो आणि कव्हरचा फोटो जोडलाय.

तुमची ग्राहक,
घोडबंदर रोड, ठाणे