दिवा सिंगापूरचा, पण खडक मुळात जोहोरचा

महोदय,

सीमावादांवरील आपल्या रविवारच्या पानात सिंगापूर सामुद्रधुनीच्या पूर्वेकडील तोंडाशी असलेल्या पेद्रा ब्रांका बेटाविषयी ‘ते पहिल्यापासून सिंगापूरचेच होते, न्यायालयाने फक्त शिक्कामोर्तब केले’ असे छापून आले आहे. निकाल तसा नाही. १८४४ साली या खडकावर जोहोरच्या (आज मलेशियाचे एक राज्य) सुलतानाचीच मालकी होती, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ मे २००८ रोजी स्पष्ट म्हटले. सिंगापूरकडे तो गेला तो नंतर, दोन्ही बाजूंच्या वागणुकीमुळे.

मालवाहू जहाजांवर माझी नोकरी झाली. हाँगकाँगकडून सिंगापूरला येताना रात्री बारा ते चारच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, कॅप्टनचा पहिला प्रश्न असायचा, ‘हॉर्सबर्ग दिसला का?’ हॉर्सबर्ग म्हणजे त्या बेटावरचे दीपगृह; पेद्रा ब्रांका हे नाव ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, कोणी घेत नसे. बेट म्हणावे तर लांबी अवघी १३७ मीटर. उजेडी पाहिले की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मनोरा आणि पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरा पडलेला कातळ. पोर्तुगीज नावाचा अर्थ पांढरा दगड, मलय ‘बातू पुतेह’चाही तोच! जेम्स हॉर्सबर्ग हा ईस्ट इंडिया कंपनीचा सागरी नकाशातज्ज्ञ. तरुणपणी त्याने मुंबईहून चीनला जाणाऱ्या जहाजावर नोकरी केली होती. त्याच्या स्मरणार्थ व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि १८५१ मध्ये दिवा लागला.

आता वागणुकीचे. १९५३ मध्ये सिंगापूरने जोहोरला पत्र लिहून बेटाच्या स्थितीबद्दल विचारणा केली. जोहोरच्या प्रभारी सचिवांनी उत्तर दिले की पेद्रा ब्रांकावर आमचा मालकीचा दावा नाही. एका ओळीचे हे सरकारी उत्तर पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात मलेशियाला फार महागात पडले. दुसरी गोष्ट पुलाऊ पिसांगची. ते बेट मलेशियाचे, दीपगृह मात्र सिंगापूर चालवते. तिथला सिंगापूरचा झेंडा उतरवा, असे मलेशियाने १९६८ मध्ये सांगितले आणि तो उतरला. पेद्रा ब्रांकावरही तोच झेंडा फडकत होता, त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. न्यायालयाने हे मौन नेमके हेरले. १९७९ च्या नकाशात मलेशियाने बेट आपले दाखवले, तोवर उशीर झाला होता.

नुसता दिवा सांभाळला म्हणून बेट मिळाले, हा समजही खरा नाही. तसे असते तर पिसांगही सिंगापूरचे झाले असते. मलेशियाने २०१७ मध्ये फेरविचाराचा अर्ज केला आणि २०१८ मध्ये मागे घेतला, ही ओळही आपल्या मजकुरात हवी होती.

शेवटी नकाशाबद्दल. बेटाच्या दक्षिणेला जेमतेम किलोमीटरभरावर मिडल रॉक्स आहेत. तुम्ही तेही सिंगापूरच्या रंगात रंगवलेत. ते त्याच निकालाने मलेशियाला मिळाले आहेत. कृपया दुरुस्ती छापावी.

— एक निवृत्त जहाज अधिकारी, रत्नागिरी