आधी ओळ ओढ

वाई,
रविवार, १२ एप्रिल २०२०

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, वेळच वेळ आहे आणि काहीच होत नाहीये." मी नुसतं हं हं करत राहिलो, कारण आई फोनसाठी हात पुढे करून बसली होती आणि टीव्हीवरच्या रामायणाची वेळ झाली होती. सकाळी नऊला एकदा आणि रात्री नऊला एकदा, या दोन वेळांना आपल्या घरात मला कुणी विचारत नाही. पोस्टाचा सध्या भरवसा नाही, म्हणून हाताने लिहून त्याचे फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर मोठं करून बघ.

काल मुख्यमंत्री म्हणाले, कोरोनाचा लॉकडाऊन निदान ३० एप्रिलपर्यंत असाच. म्हणजे पाडव्याला सुरू झालेले एकवीस दिवस संपायच्या आतच पुढचे जोडले गेले. तू बाणेरच्या फ्लॅटमध्ये एकटी, मैत्रिणी आपापल्या गावी. इथून वाई ते पुणे दोन तासांचा रस्ता, पण सध्या लंका जवळ वाटते. आई रोज म्हणते, पास काढून घेऊन या. मी रोज तिला समजावतो आणि रात्री स्वतःच नकाशा उघडून बसतो. ते असो.

तू फ्रिजवर लावलेल्या यादीचा फोटो मी नीट बघितला. गिटार, जर्मन, सूर्यनमस्कार, तो ऑनलाइन कोर्स, रोज वीस पानं वाचन, आणि ती हात दुखेपर्यंत घोटायची फेसाची कॉफी. त्यातली कॉफी तेवढी झाली म्हणालीस. ताई, मला त्या यादीत तुझा आळस दिसला नाही. सहा पाहुणे एकाच दिवशी जेवायला बोलावलेस, एवढंच झालं. कुणालाच धड वाढणं होत नाही आणि आपणही उपाशी.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, अनुभवाने सांगतो. १९८८ साली, तू व्हायच्या पाच वर्षं आधी, मी जावळीत एका डोंगरउतारावर जमिनीची मोजणी करत होतो. तेव्हा आमच्याकडे साखळी असायची, ३३ फुटी. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, त्यामुळे हिशेब सोपा. साखळी ताणायला मागे सरकलो आणि तालीवरून, म्हणजे उतारावरच्या बांधावरून, खाली आलो. नडगीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आपलं जुनं घर तुला आठवत नसेल. माडीवरची खोली, चिंचोळा जिना. वर चढवला तो प्लास्टर निघेपर्यंत खाली उतरलो नाही.

पहिल्या दिवशी मीही यादी केली होती. इंग्रजी सुधारायचं, खात्याच्या परीक्षेचा अभ्यास, बासरी. दहा दिवसांत काय झालं? पेपर तीन वेळा वाचायचो, अगदी निविदा सूचनांपर्यंत. रेडिओवर बाजारभाव ऐकायचो. आई जेवणाचं ताट घेऊन जिना चढून यायची आणि मी भाजीला मीठ कमी आहे म्हणून भांडायचो. बासरीतून एक सूर निघाला तोही शेजारच्यांना सहन झाला नाही.

अकराव्या दिवशी अण्णा आले. गल्लीतच राहायचे. आमच्याच खात्यातून अभिलेखपाल म्हणून निवृत्त झालेले. मोजणीची जुनी टिपणं, प्रतिबुकं, गुणाकार बुकं, सगळी त्यांच्या हाताखालून गेलेली. ती जुनी कागदपत्रं मोडी लिपीत. मी नोकरीत दहा वर्षं काढली होती, पण मोडी दिसलं की नक्कल दुसऱ्याकडे सरकवायचो. अण्णांनी माझी यादी बघितली, काही बोलले नाहीत. पाठकोरे कागद मागितले, पट्टी लांब सारली आणि म्हणाले, "ओळ ओढ."

मोडीत आधी ओळ ओढतात, मग अक्षरं. बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आपण शब्द लिहून वर रेघ मारतो. मोडीत कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ मारून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं. हात शक्यतो उचलायचा नाही. मी ओळ ओढली. वाकडी आली. "आणखी ओढ." तो सगळा दिवस ओळीच ओढल्या. दुसऱ्या दिवशीही. पट्टी घेऊ दिली नाही त्यांनी. मोजणीदार माणूस मी, सरळ रेघ हा माझा धंदा, आणि हाताने दहा इंच सरळ जाता येईना. तिसऱ्या दिवशी ओळ आली, तेव्हा म्हणाले, "आता अ."

तुला मी हेच सुचवणार आहे, तेव्हा हसू नकोस. मोडी शीक. दिवसातून एक पान. त्याहून जास्त नाही.

सोपी आहे असं म्हणणार नाही. इकार एकच, दीर्घ. उकार एकच, ऱ्हस्व. शुद्धलेखनात तुला आयुष्यभर छळणारी भानगडच नाही, ही एक खुशखबर. पण बदल्यात शब्द तोडत नाहीत. सगळी ओळ सलग. विराम नाही, पूर्णविराम नाही. 'तीनदी' असं दिसलं तर ती नदी आहे का तीन दी, म्हणजे दिवस, झाले, हे पुढचं वाचून ठरवायचं. आणि 'र' हा पक्का सोंगाड्या. शेजारी कोण बसलंय ते बघून रूप बदलतो. पहिले पंधरा दिवस मला र सापडला की अण्णा चहा मागवायचे.

पण एकदा ओळ उलगडायला लागली की काय होतं ते सांगायला मला शब्द नाहीत. जुन्या पत्रांत साल अरबी आकड्यांनी लिहायचे. 'सीत समानीन मया व अलफ'. सहा, ऐंशी, शंभर, हजार. म्हणजे ११८६, तेव्हाच्या शुहूर सनाचं. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतचं पत्र असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, त्यापुढचं असेल तर ६००. झालं १७८५ नाहीतर १७८६. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात तुला लहानपणी नेलं होतं, तू घाटावरची ती मोठी घंटा वाजवायचा हट्ट धरला होतास. त्याच काळातलं हे साल. प्लास्टरमधल्या पायाने मी माडीवर बसून ते सोडवलं आणि आईला हाक मारून सांगितलं. तिने विचारलं, "मग आता पाय बरा झाला का?"

तू विचारशील, उपयोग काय? उपयोग आहे, तोही सांगून टाकतो, नाहीतर तुमच्या पिढीला पटत नाही. जातीच्या पडताळणीसाठी लोक पणजोबांच्या जन्माच्या नोंदी शोधत फिरतात, आणि त्या जुन्या नोंदी मोडीत असतात. निवृत्तीनंतर माझ्याकडे आठवड्याला दोघं-तिघं येतात ते त्यासाठीच. पुण्यात पेशवे दफ्तरात हजारो रुमाल पडून आहेत, रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यातले किती वाचून झालेत आणि किती नाहीत याचा विचार केला तर छाती दडपते. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करतंय, तिथे मोडीचे वर्गही होतात. हे सगळं उघडलं की जाऊन ये. पण खरं सांगू? मी शिकलो तेव्हा यातलं काही डोक्यात नव्हतं. रोज संध्याकाळी एक भरलेलं पान उशाशी असायचं आणि त्यावर तारीख असायची, तेवढ्यावर झोप लागायची.

आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर सध्या रोज कोणी ना कोणी पाठवतं, अमक्याने कोंडून घेतलेल्या काळात हे महान काम केलं, तमक्याने तुरुंगात ते लिहिलं. वाचून उलट धडकी भरते. मला त्यातली एकच गोष्ट कामाची वाटते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. रविवारी एक अध्याय. २१ फेब्रुवारीला सुरू केलं, १९ जूनला संपवलं. अठरा अध्याय, अठरा रविवार. आणि साने गुरुजी बसून ते उतरवून घ्यायचे. मला त्यातले रविवार आवडतात. सोमवारी उत्साह आला म्हणून दोन अध्याय नाहीत आणि कंटाळा आला म्हणून खाडाही नाही.

तर कसं करायचं ते. वेळ तुझी तू ठरव, पण एकच ठेव. ऑफिसचा लॅपटॉप उघडायच्या आधीची बरी. एकदा तुमच्या त्या मीटिंगा सुरू झाल्या की तू माझा फोनही उचलत नाहीस. बोरू मिळणार नाही, साधं पेन चालेल, पण टोक जाड बघ. पहिले चार दिवस ओळी. मग मी रोज पाच अक्षरं लिहून त्याचा फोटो पाठवीन, तू पान भरून मला परत पाठव. मी लाल पेनाने खुणा करीन. पान संपलं की वही मिटायची, मन लागलं तरी. बाकी दिवस तू लोळलीस, मालिका बघितल्यास, काही केलं नाहीस, तरी मी विचारणार नाही. कोरोनाचे आकडे मात्र दिवसातून एकदाच बघ, संध्याकाळी. मी सकाळी उठल्या उठल्या बघायचो, आठवडाभर चहा कडू लागला.

इथलं म्हणशील तर आईने कुरडयांचा घाट घातलाय. गहू तीन दिवस भिजले, रोज पाणी बदललं, परवा चीक काढला आणि काल पहाटे हाटला. हाटायला मी होतो. दंड अजून दुखतोय. सोऱ्यातून गच्चीभर घातल्यात आणि मला काठी देऊन कावळे राखायला बसवलंय. सरकारी मोजणीदाराची निवृत्तीनंतरची नेमणूक. हे पत्रही तिथेच बसून लिहितोय, म्हणून कागदाला चीक लागलाय.

आता मुद्द्याचं. हे सगळं मी तुला निव्वळ उपकार म्हणून सांगत नाहीये. माझं काम अडलंय.

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक या सक्तीच्या रजेत उघडली. त्यात माझ्या पणजोबांची, म्हणजे तुझ्या खापरपणजोबांची, हळदीच्या धंद्याची वही निघाली. शके १८२०, म्हणजे १८९८-९९ चं साल. प्लेगचे दिवस. गावात उंदीर पडायला लागले की माणसं घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहायची, हे तू माझ्या आत्याकडून ऐकलं असशील. आपलेही राहिले, हे मला त्या वहीवरून कळलं. डावीकडे जमेला काहीच नाही, पानंच्या पानं कोरी. उजवीकडे नावे: कळक, कडबा, सुंभ, चटया, मीठ, घासलेट. व्यापार बंद, माणूस रानात, पण रोजची तारीख घातलेली आहे.

आणि पौषातल्या एका पानावर, खर्चाच्या खाली, हिशेबाशी काही संबंध नसलेली ओळ: 'चि. यास पावकी'. चार दिवसांनी 'निमकी'. मग 'पाऊणकी'. मग 'सवायकी', 'दिडकी'. ताई, झोपडीत बसून ते मुलाला अपूर्णांकांचे पाढे शिकवत होते. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा, तेव्हा आठ वर्षांचे. मी दहा वर्षांचा असताना ते मला ओसरीवर बसवून औटकी म्हणून दाखवायचे, साडेतीनचा पाढा, एका दमात. एक औट औट, बे औट सात, तीन औट साडेदहा. मी विचारलं होतं, तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात? ते म्हणाले होते, "रानात." मला वाटलं होतं थट्टा करतायत.

दिडकीनंतर आठ-नऊ दिवस काहीच नोंद नाही. खर्चही नाही. मग एक लांब ओळ आहे, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, बारीक अक्षरात. ती मला लागत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चअखेरीस ठरलं होतं ते पुढे गेलं, भिंग लावलं तरी अक्षरं एकमेकांत मिसळतात. सुरुवातीला 'चि.' आहे एवढं नक्की. शेवटचा शब्द अडीचकी असावा असा माझा अंदाज. मधलं काही कळत नाही.

त्या पानाचा फोटो या पत्रासोबत पाठवतोय. दुसऱ्या कुणालाही विचारता आलं असतं, चार जाणकार ओळखीचे आहेत. विचारलेलं नाही.

रात्री फोन कर, रामायण संपल्यावर. जेवणात नुसता भात करू नकोस.

तुझे,
बाबा

ता. क. फोटो आडवा आलाय, फिरवून बघ. कोपऱ्यात पिवळा डाग आहे तो चिकाचा नाही. तो हळदीचा आहे, मूळचाच.